सर्पगंधेची कसोटी

१९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात मुंबईच्या एका डॉक्टरांचा लेख छापून आला. लेखक होते परळच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील, आणि विषय होता आपल्या रानात उगवणारे एक झुडूप. उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना त्यांनी सर्पगंधेच्या वाळवलेल्या मुळीच्या गोळ्या दिल्या होत्या आणि प्रत्येकाच्या दाबाची मोजमापे नोंदवून ठेवली होती. चार आठवड्यांनंतर ८५ टक्के रुग्णांचा वरचा आणि ८१ टक्के रुग्णांचा खालचा दाब उतरलेला दिसला.

आज हे आकडे वाचून कुणी चकित होणार नाही. बीपीची गोळी आता घरोघरी डब्यात असते. तेव्हाची स्थिती मात्र फार वेगळी होती. अवघ्या चार वर्षांपूर्वी, १२ एप्रिल १९४५ रोजी, अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. त्या दिवशी त्यांचा दाब ३०० च्या वर आणि १९० असा मोजला गेला होता. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसाच्या डॉक्टरांकडेही हा दाब उतरवणारे भरवशाचे औषध नव्हते. मीठ बंद करणे, भाताच्या पथ्यावर ठेवणे, गुंगीची औषधे देणे, आणि अगदीच हाताबाहेर गेले तर पाठीच्या कण्यालगतच्या मज्जातंतूंची शस्त्रक्रिया करणे, एवढेच उपाय होते. अशा काळात मुंबईहून एक डॉक्टर सांगत होते की आमच्याकडे एक मुळी आहे, ती आम्ही तपासली आहे, आणि हे घ्या आकडे.

वनौषधींवर दरवर्षी कितीतरी लिहिले जाते. त्यातले बरेचसे स्तुतिपर असते, उरलेले खिल्ली उडवणारे. सर्पगंधेची कहाणी या दोन्ही सवयी मोडणारी आहे. या एका मुळीने लाखो रुग्णांना आधार दिला, मेंदूच्या विज्ञानाला नवी वाट दाखवली, काही रुग्णांना अपायही केला, आणि ज्याच्यासाठी ती शतकानुशतके वापरली गेली त्या सर्पदंशावर मात्र ती फोल ठरली. यातले काहीही कुणाच्या श्रद्धेने किंवा अश्रद्धेने ठरले नाही. प्रत्येक गोष्ट तपासून ठरली.

रानातले झुडूप

सर्पगंधा हे फार तर दोन-अडीच फुटांचे झुडूप. सह्याद्रीच्या ओलसर, अर्ध्या सावलीच्या रानात ते वाढते. कोकणात त्याला अडकई किंवा हरकी म्हणतात. एका पेरावर बहुधा तीन पाने, चक्राकार. फुलांचे झुबके पांढरे, पण देठ आणि नळी लालसर, त्यामुळे हिरव्या गर्दीत ते पटकन नजरेत भरतात. फळे वाटाण्याएवढी, पिकली की जांभळी-काळी होतात. पान तोडले की चीक येतो. कण्हेर, सदाफुली, कुडा, सातवीण ही सगळी याच कुळातली, आणि या कुळातल्या वनस्पती जपून हाताळायच्या असतात हे रानात वावरणाऱ्या कुणालाही ठाऊक असते.

औषध आहे ते जमिनीखाली. पिवळट, वेडीवाकडी, कमालीची कडू मुळी. आयुर्वेदात आणि लोकवैद्यकात ती सर्पदंशावर, विंचवाच्या दंशावर, तापावर, पोटदुखीवर आणि झोप न येण्यावर दिली जाई. बिहारमध्ये तिला ‘पागल की दवा’ म्हणत आणि भडकलेल्या मनोरुग्णाला शांत करण्यासाठी ती देत. तिथल्या आया रडणाऱ्या मुलांना झोपवण्यासाठीही तिचा वापर करत, असे जुन्या वैद्यकीय लेखकांनी नोंदवले आहे.

तिची कीर्ती समुद्रापार गेली तीही आपल्याच किनाऱ्यावरून. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात साप चावल्यावर देण्याच्या एका काष्ठौषधीचे वर्णन केले आहे. नागाशी झुंजण्याआधी मुंगूस हे मूळ चावते, ही लोककथाही त्यात आहे. त्या वर्णनातली एक वनस्पती सर्पगंधाच असावी असे अनेक अभ्यासक मानतात. पुढे तिला जे शास्त्रीय प्रजातिनाम मिळाले ते सोळाव्या शतकातल्या लिओनहार्ट राउवोल्फ या जर्मन वैद्यावरून. त्या बिचाऱ्याने हे झुडूप कधी पाहिलेही नव्हते.

दिल्ली आणि कलकत्ता, १९३१

मुळीला गुण येतो हे लोकांना माहीत होते. कशामुळे येतो, हा प्रश्न रसायनशास्त्राचा होता, आणि त्याला पहिले उत्तर दिल्लीत मिळाले. हकीम अजमल खान यांनी दिल्लीत आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बिया कॉलेज उभे केले. परंपरागत औषधांची आधुनिक प्रयोगशाळेत तपासणी व्हावी ही त्यांची इच्छा होती, आणि त्यासाठी त्यांनी जर्मनीत शिकलेल्या सलीमुझ्झमान सिद्दिकी या तरुण रसायनशास्त्रज्ञाला जोडून घेतले. हकीमसाहेब १९२७ साली गेले. १९३१ मध्ये सलीमुझ्झमान आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी सर्पगंधेच्या मुळीतून पाच स्फटिकरूप अल्कलॉइडे वेगळी केल्याचे जाहीर केले. त्यांतल्या तिघांची नावे हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ ठेवली: अजमॅलिन, अजमॅलिनिन आणि अजमॅलिसिन. उरलेली दोन सर्पेंटिन आणि सर्पेंटिनिन. यातले अजमॅलिन आजही हृदयरोगतज्ज्ञांच्या कामी येते. ब्रुगाडा सिंड्रोम नावाचा हृदयाच्या ठोक्यांचा एक जीवघेणा दोष ईसीजीत लपलेला असतो. तो उघडा पाडण्यासाठी अजमॅलिन शिरेतून देऊन चाचणी घेतात.

त्याच वर्षी कलकत्त्यात डॉ. गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी रुग्णांवरचे अनुभव प्रसिद्ध केले. मुळीच्या भुकटीने दोन गोष्टी घडतात, असे त्यांनी लिहिले. उन्मादाचा झटका शांत होतो आणि रक्तदाब उतरतो. १९३३ मध्ये कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवर प्रयोग करून हेच तपासले. भारतीय वैद्यकाच्या इतिहासातली ही पाने अभिमानाने वाचावीत अशी आहेत. पारतंत्र्याचा काळ, तुटपुंजी साधने, आणि तरीही परंपरेला प्रयोगशाळेत नेण्याचे धाडस. या मंडळींना परंपरेची लाज वाटत नव्हती, आणि तिला तपासायची भीतीही वाटत नव्हती.

परळचे आकडे

तरीही बाहेरच्या जगाने दखल घेतली नाही. ती घेतली गेली डॉ. वकिलांच्या लेखानंतर.

डॉ. वकिलांनी मुळी शोधली नव्हती. तिच्यातले रसायनही त्यांनी वेगळे केले नव्हते. त्यांनी केले ते इतकेच की एका नेमक्या आजाराचे रुग्ण निवडले, औषधाची मात्रा ठरवली, दाब ठरावीक काळ मोजत राहिले, आणि कुणाला किती उतार पडला, काय त्रास झाला, ते आकड्यांत मांडले. आजच्या निकषांवर त्या अभ्यासात उणिवा दिसतील. पण ‘गुण येतो’ आणि ‘इतक्या जणांना, इतक्या दिवसांत, इतका गुण येतो’ या दोन विधानांमधले अंतर त्यांनी पार केले. पहिले विधान ऐकणाऱ्याला विश्वास ठेवावा लागतो. दुसरे विधान ऐकणारा स्वतः पडताळून पाहू शकतो.

आणि तसे पडताळून पाहिलेही गेले. बॉस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांनी भारतातून मुळी मागवून आपल्या रुग्णांवर वापरली. दाब उतरतो आणि रुग्ण गुंगीत न जाता शांत राहतो, असे त्यांनाही दिसले. १९५७ साली अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार ज्यांना मिळाला त्यांत डॉ. वकील होते. पुढच्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले.

मुळीतला रेणू

दरम्यान स्वित्झर्लंडमध्ये बाझल इथल्या सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी मुळीचा मुख्य गुण ज्यात आहे ते द्रव्य वेगळे केले. वर्ष होते १९५२. द्रव्याचे नाव रेसर्पिन. ३३ कार्बन, ४० हायड्रोजन, २ नायट्रोजन आणि ९ ऑक्सिजन अणूंची ही गुंतागुंतीची रचना. १९५६ मध्ये हार्वर्डच्या रॉबर्ट वुडवर्ड यांनी ती प्रयोगशाळेत साध्या रसायनांपासून उभी केली. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ही बांधणी आजही नमुना म्हणून शिकवतात.

झुडूप मात्र हे काम निमूटपणे कधीपासून करत आले आहे. ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल आपल्याही अन्नात असते. त्यापासून बनलेले ट्रिप्टामाइन आणि सेकोलोगॅनिन नावाचे दुसरे एक द्रव्य यांचा वनस्पतीत संयोग होतो आणि स्ट्रिक्टोसिडिन तयार होते. तिथून वाटा फुटतात. सर्पगंधेत त्याचे रेसर्पिन आणि अजमॅलिन होते, सदाफुलीत कर्करोगावरचे व्हिनक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन होते, सिंकोनाच्या सालीत हिवतापावरचे क्विनिन होते. वनस्पती हे सारे आपल्यासाठी बनवत नाही. किडीने कुरतडू नये, जनावराने चरू नये, यासाठी तिने केलेली ती तजवीज असते. म्हणूनच ही द्रव्ये कडू असतात आणि सजीवांच्या शरीरावर इतका नेमका परिणाम करतात. झाडाने शस्त्र म्हणून घडवलेले द्रव्य आपण मात्रेत बांधून औषध म्हणून वापरतो. मात्रा चुकली की ते पुन्हा शस्त्र होते.

रेसर्पिन नेमके काय करते? मज्जापेशीच्या टोकाशी सूक्ष्म पिशव्या असतात. एक पेशी दुसरीला निरोप देते तो नॉरॲड्रेनॅलिन, डोपामिन, सेरोटोनिन अशा रसायनांच्या मार्फत, आणि त्यांचा साठा या पिशव्यांत असतो. कणगीत धान्य भरून ठेवावे तसा. रेसर्पिन या कणगीत धान्य भरण्याची वाटच बंद करते. साठा आत जाऊ शकत नाही, बाहेर राहिलेला पेशीतली विकरे मोडून टाकतात. हळूहळू कणगी रिकामी होते. रक्तवाहिन्यांना आवळून धरण्याचे निरोप मंदावतात, वाहिन्या सैलावतात, दाब उतरतो. मेंदूतही हेच घडते, म्हणून मन निवते. बिहारच्या ‘पागल की दवा’चे आणि कलकत्त्याच्या दोन निरीक्षणांचे मर्म असे एकाच जागी होते.

मेंदूचे दार

मनोविकारांच्या इतिहासात १९५० चे दशक ही मोठी उलथापालथ होती. अहमदाबादचे डॉ. हकीम यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर सर्पगंधेचा वापर केला आणि त्याची बातमी अमेरिकेपर्यंत गेली. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलंड मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी १९५४ साली तिथल्या रुग्णांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांना कोंडून, बांधून ठेवण्यापलीकडे काही करता येत नव्हते असे रुग्ण शांत होऊ लागले. मनाचे आजार औषधाने हाताळता येतात, ही कल्पना रुजवण्यात क्लोरप्रोमझिन या दुसऱ्या औषधाच्या जोडीने रेसर्पिनचा वाटा आहे.

याहून खोल परिणाम स्वीडनमध्ये झाला. १९५७ मध्ये अर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिले. ते निपचित पडले, कान लोंबले. मग त्यांनी एल-डोपा हे द्रव्य टोचले आणि ससे काही वेळात हलूफिरू लागले. मेंदूत डोपामिन हे स्वतंत्र निरोप्या म्हणून काम करते आणि त्याच्या अभावी शरीराची हालचाल थांबते, हा विचार यातून पुढे आला. पार्किन्सनच्या रुग्णांना आज जी लेव्होडोपाची गोळी मिळते तिची वाट इथून निघाली. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले. हंटिंग्टन या आनुवंशिक आजारातल्या अनावर हालचालींवर वापरले जाणारे टेट्राबेनाझिन हेही त्याच कणगीच्या दारावर काम करते.

रक्तदाबाच्या बाबतीत तर आणखी एक ऋण आहे. दाब उतरवल्याने जीव वाचतात का, हे १९६० च्या दशकापर्यंत सिद्ध झालेले नव्हते. एडवर्ड फ्राइस यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी १४३ पुरुषांवर अभ्यास केला. अर्ध्यांना खरी औषधे, अर्ध्यांना औषधासारख्या दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या. खऱ्या औषधांत तीन द्रव्ये होती आणि त्यांतले एक रेसर्पिन. १९६७ साली निकाल आला: निष्क्रिय गोळ्या घेणाऱ्यांत गंभीर गुंतागुंतीच्या २७ घटना, औषध घेणाऱ्यांत फक्त २. आज जगभरात बीपीवर उपचार करतात त्यामागचा पहिला ठोस पुरावा हा आहे.

अपायाची बाजू

सर्पगंधेची कहाणी इथे थांबवली तर ती आरती होईल. जे द्रव्य मन शांत करते ते मन विझवूही शकते. रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना खोल औदासीन्य आल्याच्या नोंदी १९५० च्या दशकातच आल्या. त्या काळी मात्रा बऱ्याचदा मोठ्या असत. दिवसाला पाव मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेत हा धोका कमी असतो हे पुढे कळले, आणि रेसर्पिन व नैराश्य यांचा संबंध सुरुवातीला वाटला तितका सरळ नाही, असे अलीकडची परीक्षणे सांगतात. तरीही नैराश्याचा इतिहास असलेल्याला हे औषध देऊ नये, ही दक्षता कायम राहिली. नाक चोंदणे, मळमळ, पोटातल्या व्रणाचा त्रास वाढणे हेही परिणाम नोंदले गेले. १९७४ मध्ये स्तनाच्या कर्करोगाशी संबंध असल्याची शंका निघाली. पुढच्या अभ्यासांत ती टिकली नाही, पण औषधाची प्रतिमा गेली ती गेलीच. सुटसुटीत नवी औषधे आली आणि रेसर्पिन मागे पडले.

यातून मुळी वाईट ठरत नाही. ‘झाडपाल्याला दुष्परिणाम नसतात’ हे आपल्याकडचे लाडके वाक्य मात्र खोटे ठरते. ज्या द्रव्याला परिणाम आहे त्याला दुष्परिणामही असतो. त्यात मुळीची आणखी एक अडचण आहे. सर्पगंधेच्या मुळीत एकूण अल्कलॉइडांचे प्रमाण जमीन, हंगाम, झुडपाचे वय यांप्रमाणे बदलते, आणि त्यातला बहुतांश भाग मुळीच्या सालीत असतो. साल खरवडली गेली की तेवढ्याच वजनाची भुकटी निकामी होते. त्यात तिच्याच जातकुळीतल्या दुसऱ्या झुडपांची भेसळ होते. चिमूटभर भुकटी म्हणजे नेमके किती औषध, हे तपासल्याशिवाय कुणीही सांगू शकत नाही.

आणि सर्पदंश? ज्या उपयोगाने तिला नाव मिळाले तिथे ती कामाची नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या विषावर उपाय एकच, तो म्हणजे रुग्णालयात दिले जाणारे प्रतिसर्पविषाचे इंजेक्शन. आपल्या देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसे मरतात असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यांतले बरेच जण मुळी उगाळण्यात आणि मंत्र घालण्यात गेलेल्या वेळाचे बळी असतात. एका उपयोगात परंपरा खरी निघाली म्हणून दुसऱ्यातही खरी असेल, असे मानणे जीवावर बेतते.

मुळी खणली की झाड गेले

रेसर्पिनची मागणी वाढली तशी भारतातल्या रानांतून सर्पगंधा पोत्यांनी बाहेर गेली. पान किंवा फळ खुडले तर झाड राहते. मुळी खणली की झाड संपते, आणि पुढची पिढीही, कारण बी कमी उगवते. भारतातला पुरवठा आटू लागल्यावर कंपन्या आफ्रिकेतल्या दुसऱ्या जातीकडे वळल्या. १९९० मध्ये सर्पगंधा संकटग्रस्त वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आली. रानातून खणलेल्या मुळीच्या निर्यातीला भारताने बंदी केली.

लागवड हा खरा उपाय आहे, आणि तो शक्य आहे. बी, मुळांचे तुकडे किंवा छाट यांपासून रोपे होतात. मुळी खणण्याजोगी व्हायला किमान दीड वर्ष लागते. हिवाळ्यात पाने झडल्यावर काढणी करतात, कारण तेव्हा मुळीत गुण अधिक असतो. कोकणातल्या सावलीच्या बागांत हे पीक बसू शकते. पण शेतकऱ्याला खात्रीचे खरेदीदार आणि मुळी तपासून गुणाप्रमाणे भाव देणारी व्यवस्था लागते. ती नसेल तर रान ओरबाडणे स्वस्त पडते आणि पडतच राहणार.

माणसांचा हिशेबही बाकी आहे. रेसर्पिनच्या गोळ्यांनी कंपन्यांना मोठा नफा दिला. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ही मुळी ओळखली, जपली, वापरली, त्यांना त्यातला वाटा मिळावा असा कोणताही कायदा तेव्हा नव्हता. आता २००२ चा जैवविविधता कायदा आहे, गावपातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या आहेत, आणि माधव गाडगीळ यांनी आग्रहाने मांडलेल्या लोकजैवविविधता नोंदवह्याही आहेत. त्या नोंदवह्या ग्रामपंचायतीच्या कपाटात पडून राहू नयेत. गावातल्या जाणत्या बाईने सांगितलेला उपयोग तिच्या नावाने लिहिला जावा आणि त्यावर पुढे जे उभे राहील त्यात तिच्या गावाचा हक्क असावा.

पुढची मुळी

हा प्रश्न जुना झालेला नाही. कोरोनाच्या साथीत गुळवेलीचा काढा घरोघरी उकळत होता. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती हे सिद्ध झालेले नाही, तशीच दिसणारी दुसरी वेल असू शकते. दोन्ही बाजूंनी घोषणा झाल्या. पण वेल ओळखणे, तिच्यातली द्रव्ये मोजणे, किती जणांनी घेतली आणि किती जणांना त्रास झाला याची नोंद ठेवणे, हे सगळे करता येण्यासारखे काम आहे. १९३१ साली दिल्ली-कलकत्त्याला आणि १९४९ साली परळला त्याहून कितीतरी कमी साधनांत ते झाले होते.

म्हणून मागणी साधी आहे. डॉक्टरांनी प्रत्येक रुग्णाला काढा, चूर्ण, मुळी काय घेता हे न रागावता विचारावे आणि केसपेपरवर लिहावे. रुग्णांनी ते लपवू नये आणि बीपीची चालू गोळी कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नये. सर्पगंधेची मुळी तर कुणीही स्वतःच्या मनाने घेऊ नये. आयुर्वेद महाविद्यालये, वैद्यकीय महाविद्यालये आणि कृषी विद्यापीठांनी एकाच मुळीवर एकत्र बसावे: एकाने ती ओळखावी, एकाने मोजावी, एकाने पिकवावी. परंपरा जपायची तर ती देव्हाऱ्यात ठेवून जपता येत नाही. आपल्या पूर्वजांनी आपल्या हाती जे दिले ते खरे आहे का, कुणासाठी, किती मात्रेत, आणि कुठे ते अपायकारक आहे, हे शोधून काढणे हीच त्यांच्या ज्ञानाची खरी कदर आहे. अजमल खानांना हे कळले होते, वकिलांनी ते करून दाखवले. आपण त्यांची नावे घेत असू, तर त्यांचे कामही घ्यायला हवे.